चुंबक चिकटत नाही, सर

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी आमच्या खिडकीच्या ग्रिलचा वीतभर तुकडा आपण होऊन निखळला आणि तिसऱ्या मजल्यावरून थेट अंगणात, वेणूबाईंनी वाळत घातलेल्या सांडग्यांवर जाऊन पडला. कोणाला लागलं नाही. पण वेणूबाई या आमचे सोसायटी सेक्रेटरी अनंताशेठ यांच्या मातोश्री असल्यामुळे प्रकरण तिथे मिटलं नाही. माणसाला लागलं असतं तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन मोकळं होता आलं असतं. सांडग्यांना काय देणार?

तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून अनंताशेठ वर आले. बदलापुरात, कात्रपला आमची इमारत उभी आहे ती जमीन मुळात त्यांच्या घरची भाताची शेती. त्यामुळे निवडणूक वगैरे न घेता ते बावीस वर्षं सेक्रेटरी आहेत, आणि एकूण बरे आहेत.

"सर, ह्या काय हाय?" त्यांनी कागद उघडला.

"आयर्न ऑक्साइड," मी म्हणालो. सवय, दुसरं काय!

"आयच्या डोक्यात पडला असता त?"

तरीही आयर्न ऑक्साइडच, असं उत्तर अगदी ओठावर आलं होतं. पण मागे यशोधरा उभी होती आणि तिने डोळे वटारले. पस्तीस वर्षांच्या संसारात मला ते मागूनही दिसतात.

इथे माझी अडचण सांगायला हवी. मी विज्ञानाचा शिक्षक. एकतीस वर्षं शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त झालो. 'धातूंचे क्षरण' हा माझा हातखंडा धडा. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, तिसरीत कोरडी हवा. कुठला खिळा गंजला? का गंजला? बदलापुरातल्या निम्म्या कर्त्यासवरत्या माणसांना गंज मी शिकवला आहे. अशा माणसाच्या खिडकीतून गंज पडावा, म्हणजे पोहण्याच्या मास्तराने विहिरीतून 'वाचवा' म्हणून ओरडावं.

त्यात आमच्याकडची हवा. कधी कधी तिला एक आंबूस वास येतो. तो कुठून येतो असं विचारलं की बदलापूरकर अंबरनाथकडे बोट दाखवतात, अंबरनाथकर उल्हासनगरकडे आणि उल्हासनगरवाले पुन्हा बदलापूरकडे. वास बिचारा तिन्ही गावांत पाहुणा म्हणून फिरतो आणि जाईल तिथे लोखंड खाऊन येतो. आमच्याकडे कुलपं किल्लीने उघडत नाहीत, हातोडीने उघडतात. कपड्यांची तार बनियनवर तपकिरी नकाशे काढते. लग्नातल्या कपाटाला पाय होते, हे आता अल्बम काढून सिद्ध करावं लागतं. असं असूनही कोणी ओरडत नाही. कारखान्यांमुळे पगार होतो, कारखान्यांमुळेच गंज चढतो, दोन्ही आपापल्या गतीने.

पण माझी इभ्रत ही दुय्यम गोष्ट होती. मुख्य प्रश्न आबांचा होता.

माझे वडील भगवान ओव्हाळ, वय वर्षं शहाऐंशी. अंबरनाथला एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं क्रेन चालवली. जमिनीपासून चाळीस फुटांवर लोखंडी पिंजऱ्यात बसून खालची माणसं पाहणं हा त्यांचा पेशा. आता गुडघे गेलेत आणि इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत ते एकदाच खाली उतरले, मतदानाला, तेही चौघांनी खुर्चीत बसवून. मग त्यांनी ग्रिलचा शोध लावला. खिडकीबाहेर दोन फूट आलेल्या त्या पेटीत इतरांकडे कुंड्या आणि फुटक्या बादल्या असतात. आमच्याकडे आबा असत. प्लायवर गोधडी, पाठीला उशी, शेजारी पाण्याची बाटली. सकाळी बुद्धवंदना झाली की ते खिडकीतून पाय टाकून बाहेर जाऊन बसत. रिक्षाच्या रांगेत कोण घुसला, शाळेची गाडी किती उशिरा आली, कोणाची सून बॅग घेऊन कुठल्या दिशेने गेली, ही सगळी खबर आम्हाला जेवताना मिळे. "वर बसलं की जग दिसतं," असं ते म्हणत.

अनंताशेठनी त्याच दुपारी फळ्यावर सूचना लिहिली. 'तिसऱ्या मजल्यावरील धोकादायक ग्रिल पंधरा दिवसांत काढावी, अन्यथा सोसायटी कापून टाकेल.' आणि तोवर आबांनी तिच्यात बसायचं नाही. यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी स्वतः पेन्सिलीने एक गज टोचून पाहिला, तर पेन्सिल पलीकडे गेली.

पहिल्या दिवशी आबा टीव्हीसमोर बसले. दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद करून त्याच्यासमोर बसले. तिसऱ्या दिवशी ते जेवायला आले आणि काहीच बोलले नाहीत. यशोधरेने मुद्दाम विचारलं, "आबा, काय नवीन?" ते म्हणाले, "भिंत हाय." त्या क्षणी मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, आबांची जागा आबांना परत मिळाली पाहिजे.

आपल्याकडे माणूस अडचणीत आला की मदत मिळेल न मिळेल, सल्ला मिळतोच. दुसऱ्या मजल्यावरचे जयदेवराव बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ओव्हाळ, मी दर दिवाळीला ग्रिल रॉकेलने पुसतो. बघा, आहे का गंज?" मी विचारलं, "रॉकेल मिळतं कुठे हल्ली?" तर म्हणाले, "मिळत नाही, म्हणून तर पुसायचं बंद केलंय ना." समोरच्या अंजनीताईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस गंजक्या पान्यावर काळं कोल्ड्रिंक ओततो आणि पाना लख्ख होतो. मी शास्त्राचा माणूस, त्यामुळे त्यातलं आम्ल मला पटलं. दोन लिटरची बाटली ओतली. गंज तसूभरही हलला नाही. मात्र कात्रपमधल्या समस्त मुंग्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि आठवडाभर राहिल्या. जयदेवरावांच्या तांदळाच्या डब्यातही गेल्या. त्यानंतर त्यांनी सल्ला देणं बंद केलं, आणि बोलणंही.

अनंताशेठ म्हणाले, नवी ग्रिल लावायची तर परवानगीचा कागद आणा. त्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. माझी अजून दोन कामं तिथे अडकलेली आहेत. तीन हेलपाटे झाल्यावर चौथ्यांदा योग्य टेबल सापडलं आणि टेबलामागे माझाच विद्यार्थी निघाला. संतोष. शेवटच्या बाकावरचा. तो चटकन उठून पाया पडला आणि मला खुर्ची दिली. खुर्चीचा एक पाय गंजून गेला होता, तिथे वीट होती.

"सर, नव्या ग्रिलला परवानगी मिळत नाही," तो हळहळून म्हणाला. "पण जुनी दुरुस्त करायला परवानगी लागत नाही."

"मग मी दुरुस्त करतो."

"किती गज बदलणार?"

"सगळेच गेलेत रे."

"मग ती नवी झाली, सर."

मी विचार केला. "एक सोडून सगळे बदलले तर?"

संतोषने पेन खाली ठेवलं. शाळेत त्याच्या चेहऱ्यावर असं तेज मी कधीच पाहिलं नव्हतं. "सर, मग ती दुरुस्ती."

कुठला गज ठेवायचा हे आबांनी ठरवलं. उठताना ते ज्याला धरत तो कोपऱ्यातला. तेवढाच जरा जाडजूड उरला होता.

उरलेले गज कशाचे करायचे, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. स्टेनलेस स्टील! पुन्हा गंजाचं नाव नको. आणि स्टीलची पारख मला कोणी शिकवायची गरज नव्हती. 'खऱ्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही', हे वाक्य मी एकतीस वर्षं प्रत्येक तुकडीला सांगितलं. खरं म्हणजे ते पुस्तकात नव्हतं. ती माझी भर होती, पोरांना जरा व्यवहारज्ञान मिळावं म्हणून. निरोप समारंभात मला शाळेने प्रयोगशाळेतला घोड्याच्या नालेसारखा चुंबक आठवण म्हणून दिला होता. तो पिशवीत टाकून यशोधरेबरोबर मी उल्हासनगर गाठलं.

पाइपच्या बाजारात एक गोष्ट लगेच लक्षात आली. दर दुकानात गल्ल्याशेजारी दोऱ्याला बांधलेला एक चुंबक लटकत होता. लछमणदास नावाच्या म्हाताऱ्या शेठच्या दुकानात मी माझा चुंबक बाहेर काढताच ते हसले.

"साईं, बदलापूर से आये हो?"

"आपको कैसा मालूम?"

"अरे, कल्याण का गिराईक भाव पूछता है, अंबरनाथ का गिराईक चाय पूछता है, बदलापूर का गिराईक चुंबक निकालता है. उधर कोई मास्टर है. पूरे गाँव को सिखाके रखा है."

माझी छाती अशी फुगली की यशोधरेने मागून सदरा ओढला. एकतीस वर्षांत मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला नाही. तीनदा अर्ज केला होता. तो पुरस्कार मला त्या दिवशी उल्हासनगरात, पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसून मिळाला.

"वो मास्टर हमीच है," मी म्हणालो.

शेठनी हात जोडले. चहा मागवला. मग दोन पाइप समोर ठेवले. "मास्टरजी, बाहर लगाना है ना? तो ये वाला लो. महँगा है, पर टेस्ट के कागज़ के साथ आता है. उधर की हवा में ये दूसरा नहीं चलेगा."

मी दोन्हींना चुंबक लावला. दोन्हींना चिकटला नाही. "दोनों को नहीं चिपकता. मतलब दोनों असली."

"स्टील तो दोनों है, साईं. पर फरक है."

"क्या फरक? दिखाओ."

शेठना तो दाखवता येईना. ते नुसते म्हणत राहिले, फरक है, फरक है. मग मी त्यांना शास्त्रीय दृष्टिकोन म्हणजे काय ते समजावून दिलं. दहा मिनिटं. दुकानात माणसं जमली. एकाने तर मोबाइलवर चित्रण केलं. शेवटी शेठ म्हणाले, "आप मास्टर हो. मैं सातवीं फेल." आणि त्यांनी मी म्हणेन तो पाइप बांधून दिला.

रिक्षात यशोधरा म्हणाली, "तो महागातला घ्या म्हणत होता."

"दुकानदार आणखी काय म्हणणार?"

"पण अहो, तो विकायला म्हणून सांगत नव्हता. त्याला तुमची काळजी वाटत होती."

मी तिला सांगितलं की शास्त्रात आवाजावरून निष्कर्ष काढत नाहीत.

वेल्डर म्हणून आला तो अक्षय. माझाच विद्यार्थी, नववीत विज्ञानात मीच त्याला नापास केला होता, तीन मार्कांनी. तसा तो मनात ठेवणारा नाही. त्याने प्रत्येक पाइपला आपल्या खिशातला चुंबक लावला आणि मगच हात घातला. "तुम्हीच शिकवलेलं, सर. ते एक लक्षात राहिलं बघा. अख्खं कात्रप मी असंच केलं ना. दवाखान्याचा रॅम्प, विहाराचं रेलिंग, चार शाळांचे जिने. चुंबक चिपकला की माल रिटर्न, बात खतम." मला भरून आलं. तीन मार्क देऊन टाकायला हवे होते, असंही वाटलं.

पंधराव्या दिवशी आबा परत ग्रिलमध्ये बसले. लख्ख, चांदीसारखे गज आणि कोपऱ्यात तो एक जुना, रंग दिलेला. अनंताशेठनी खालून पाहून मान डोलावली. वेणूबाईंनी नवे सांडगे पाठवले. त्या दुपारी आबांनी जेवताना सव्वा तास खबर सांगितली. दोन आठवड्यांची साठली होती. काही बहुधा मनाची होती, पण आम्ही सगळी ऐकून घेतली. यशोधरेने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, कांदा चिरला होता. स्वयंपाक तर केव्हाच झाला होता.

ऑगस्टमध्ये एका जोडापाशी तीळभर तपकिरी ठिपका दिसला. मी म्हणालो, धूळ असेल. पुसला. दोन दिवसांनी तो परत आला, चार भावंडांना घेऊन. आठवड्याभरात सगळ्या गजांना गोवर आल्यासारखे ठिपके आले आणि त्यांतून तपकिरी ओघळ निघून जयदेवरावांच्या पांढऱ्या बनियनवर उतरले. त्यांनी अबोला सोडला. खिडकीतून मान वर करून ते अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "ओव्हाळ सर, हे शास्त्रात बसतं का हो?"

मी अक्षयला फोन केला. त्याने आधी मागचं मशीन बंद केलं. मग म्हणाला, "सर, विहाराच्या रेलिंगला पण आलंय. रॅम्पला पण. मी तुम्हाला बोललो नाय. मला वाटलं, माझीच वेल्डिंग खराब."

त्यानेच पायलचं नाव सुचवलं. पायल माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. धातुशास्त्र शिकून आता अंबरनाथ एमआयडीसीत एका तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. रविवारी ती आली. पर्समधून छोटी बाटली आणि चौकोनी बॅटरी काढली. माझ्या नव्या गजावर एक थेंब टाकला, बॅटरीची तार टेकवली. थेंब लाल झाला. तिने बाटलीचं झाकण लावलं. मग पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही सांगावं की नाही असं होतं तेव्हा ती शाळेतही हेच करायची, पेनच्या टोपणाशी.

"बोल गं," मी म्हणालो.

"सर, हे स्वस्तातलं स्टील आहे. निकेल कमी, मँगनीज जास्त. भांड्यांना वगैरे ठीक आहे. आपल्या हवेत बाहेर नाही टिकत."

"पण चुंबक तर चिकटत नाही!"

"चुंबक दोन्हींना चिकटत नाही, सर."

मी तिला विचारलं, हे तुला कुठे शिकवलं? ती म्हणाली, कॉलेजात, पहिल्याच महिन्यात. वर्गात प्रोफेसरांनी विचारलं होतं, स्टील कसं ओळखाल? तिने हात वर करून सांगितलं, चुंबकाने. सगळा वर्ग हसला. प्रोफेसर म्हणाले, कोणी शिकवलं तुला हे?

"मग?"

"मी तुमचं नाव नाही सांगितलं, सर."

मी खुर्चीवर बसलो. एकतीस वर्षं, वर्षाला तीन तुकड्या, तुकडीत साठ मुलं. ती मुलं पुढे वेल्डर झाली, ठेकेदार झाली, टेबलामागे बसली, घरं बांधून त्यांत राहायला गेली, आणि प्रत्येकाने खिशात माझा चुंबक नेला. ज्या जिन्यांवरून लेकरं धावतात आणि ज्या रॅम्पवर म्हातारी माणसं हात टेकतात, ते सगळं माझ्या एका वाक्यावर उभं होतं आणि हळूहळू तपकिरी होत होतं. तो सातवी नापास शेठ मला हात जोडून सांगत होता आणि मी त्याला शास्त्रीय दृष्टिकोन शिकवत होतो. सरकारने मला पुरस्कार दिला नाही, हे सरकारचं फार मोठं शहाणपण म्हटलं पाहिजे. मला खरोखर रडू येत होतं, आणि विद्यार्थिनीसमोर रडायचं कसं हे एकतीस वर्षांत शिकलो नव्हतो.

"पडेल का ही?" यशोधरेने कामाचं तेवढं विचारलं.

"नाही हो काकू, आत्ता काहीच धोका नाही," पायल म्हणाली. "दोन वर्षं आरामात जातील. नंतर मात्र सांधे धरतील असं नाही. बदलावी लागेल."

आबा या सगळ्यात ग्रिलमध्येच बसले होते, आमच्याकडे पाठ करून. आम्ही त्यांना विसरलोच होतो. त्यांनी मान वळवली.

"किती? दोन वर्सं?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ समाधान होतं. "मग झालं की. मला पुरंल."

यशोधरा आत चहा टाकायला गेली. पायल उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मला आबांचा राग आला, असा राग मला अक्षयचा किंवा जयदेवरावांचाही कधी आला नव्हता. मी म्हणालो, "आबा, असं बोलायचं नाही." ते म्हणाले, "आरं, खोटं काय बोललो? तू मास्तर ना? मांड की गणित." आणि ते पुन्हा रस्त्याकडे वळून रिक्षा मोजू लागले.

पायलला जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी हळूच विचारलं, यावर काही उपाय? ती म्हणाली, दर आठवड्याला स्वच्छ पाण्याने धुवायची, डाग मऊ कापडाने घासून काढायचे, सांधे पूर्ण कोरडे करायचे आणि वरून एक मलम लावायचं. मलमाचं नाव तिने कागदावर लिहून दिलं. तरी गंज थांबत नाही सर, म्हणाली, फक्त हळू होतो. मग जरा थांबून म्हणाली, चार-पाच वर्षं जातील.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी बादली, कापड आणि डबी घेऊन खिडकीत उभा राहतो. खालून अनंताशेठ हात करतात. जयदेवराव पाणी गळतं म्हणून ओरडतात. आबा आपल्या गोधडीवर बसून असतात, कारण त्या वेळीही ते जागा सोडायला तयार नसतात. मी त्यांच्या भोवतीने घासतो. खांदा दुखतो. एक सांधा पुसून होईतो मागच्या रविवारी पुसलेल्या सांध्यावर ठिपका आलेला असतो.

गेल्या रविवारी त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "आरं, एवढं कशाला घासतूस? दोन वर्सं तशीबी जात्यात, म्हणली ना ती पोरगी."

"पाच न्यायचीत," मी मान वर न करता म्हणालो.

खाली भाजीची गाडी आली, भोंगा वाजवून गेली, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांनी हाताने धरून एक पाय उचलला, बाजूला सरकवला आणि पायामागचा सांधा मला दाखवला.

"मग नीट घास," ते म्हणाले. "हितं राहिलंय."